बिनकामाचे पाहुणे

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी आपली जुनी म्हण. ज्याने कोणी ती केली, त्याने हिशेब बैलगाडीच्या काळातला धरला होता. अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आईबापांना विमानतळावरचा अधिकारी साधारण सहा महिन्यांचा मुक्काम एका फटक्यात मंजूर करून टाकतो. विमानाच्या तिकिटाला एवढे पैसे मोजल्यावर तिसऱ्या दिवशी परत कोण फिरणार? दिवसाची झोप रात्रीवर आणायलाच आठवडा जातो. अक्कल जागेवर येईतो म्हणीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

रत्नागिरीत अशी सहामाही पाहुण्यांची घरं आता आळीआळीत सापडतात. पूर्वी इथला मुलगा मॅट्रिक झाला की मुंबईला मामाच्या खोलीवर जायचा, गिरणीत नाहीतर गोदीत चिकटायचा आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा. आता तो आमच्या फिनोलेक्स कॉलेजातून इंजिनियर होऊन निघतो, पुण्याला हिंजवडीत थोडा टेकतो आणि न्यू जर्सीत घर घेतो. मनीऑर्डरच्या जागी व्हिडिओ कॉल येतो. मग एखाद्या दिवाळीत मुलगा म्हणतो, "आई, या वर्षी तुम्ही दोघं या." त्यानंतर बीकेसीतली वकिलात, बोटांचे ठसे, बँकेची कागदपत्रं वगैरे सोपस्कार होतात आणि एप्रिलात बॅगा भरायला घेतल्या जातात.

एप्रिलातच का, तर तिकडची थंडी तोवर सरलेली असते. पण एप्रिल म्हणजे आमच्याकडे ऐन आंबा. वर्षभर ज्या कलमांच्या मोहराकडे डोळे लावून बसायचं, ती फळाला आली की घराला कुलूप घालून निघायचं, हा उफराटा न्याय परदेशी मुलं असलेल्या कोकणी आईबापांच्या नशिबी आहे. बरं, आंबा बरोबर न्यावा तर ताजं फळ सामानातून न्यायला अमेरिकेत बंदी. म्हणून मग आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि मोदकाची पिठी. माणशी दोन बॅगा, बॅगेला तेवीस किलो. ताणकाट्याला बॅग लटकवून आमचे हे आकडा वाचतात, मी एक साडी काढते आणि पिठाची एक पिशवी आत सारते. शेवटी बॅगेत कपडे उरतात ते पापड फुटू नयेत एवढ्यापुरते.

आम्ही कोकणातली माणसं पाहुण्याची एक जात अगदी जवळून ओळखून आहोत. ती म्हणजे चाकरमानी. तो गणपतीला येतो, मे महिन्यात येतो. घर त्याचंच असतं, सातबाऱ्यावर नावही असतं, पण विळी कुठे ठेवतात, मोटारीचं बटण कोणतं, मागच्या दाराची कडी वर सरकवायची की खाली, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. तो मदतीला म्हणून पुढे होतो आणि नेमका पायात येतो. "आमच्या मुंबईला" अशी सुरुवात करून तो पाण्याचं, भाजीचं, डासांचं सगळं सांगतो. आपण तोंडभर हसून म्हणतो, "तुम्ही बसा हो, दमून आलात." ते प्रेमानेच म्हणतो. पण तो खरोखर बसला की आपली कामं भराभर उरकतात, हेही तितकंच खरं.

हे सगळं मी जन्मभर यजमानाच्या बाजूने पाहत आले. न्यू जर्सीतल्या घरात पहिल्या सकाळी चहाचं आधण ठेवायला उठले आणि बाजू बदलल्याचं ध्यानात आलं. भांडं सापडलं तर साखर सापडेना. साखर सापडली तर शेगडी पेटेना. पेटली होती म्हणे, पण काचेच्या शेगडीला जाळ दिसत नाही. चहाची पूड ज्या खणात असायला हवी तिथे ती नव्हती, कारण ती कुठे असायला हवी हे मी रत्नागिरीहून ठरवून आले होते. एवढ्यात सूनबाई लगबगीने खाली आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही बसा. मी करते ना!"

मी बसले. चाकरमान्यांना मी इतकी वर्षं जे वाक्य देत आले होते ते मुद्दलासकट परत मिळालं होतं.

सून माझी गुणाची आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल. नोकरी करते, घर करते, मुलाचा अभ्यास घेते, आणि तिच्या स्वयंपाकघराला एक घडी आहे. सिंकपाशी तीन स्पंज असतात. हिरवा भांड्यांचा, निळा ओट्याचा, पिवळा फक्त काचेच्या पेल्यांचा. हात पुसायचं फडकं वेगळं आणि भांडी पुसायचं वेगळं, आणि दोन्ही इतकी स्वच्छ की आमच्याकडे त्यांची उशीची अभ्रं झाली असती. कचऱ्याच्या टोपल्या दोन. दह्याचा रिकामा डबा कोणत्या टोपलीत जातो हा प्रश्न मी पहिल्या आठवड्यात इतक्यांदा विचारला की नंतर मी डबे धुऊन जपून ठेवायलाच लागले. आमच्या पिढीला तोच पुनर्वापर येतो.

भांडी घासायचं यंत्र हा मुलाचा प्रांत. यंत्रात घालण्याआधी भांडी विसळून घ्यायची, मग ठरलेल्या कोनात रचायची. मीही रचली. रात्री पाणी प्यायला खाली आले तर चिरंजीव पायऱ्यांवरच्या मंद उजेडात मी रचलेली भांडी एकेक काढून पुन्हा रचत होते. मी आल्या पावली वर गेले. मुंबईच्या जावेने निवडलेले तांदूळ मीसुद्धा ती झोपल्यावर पुन्हा निवडायची. रक्त आमचंच आहे.

फोडणीचं तर सर्वांना ठाऊकच आहे. कुळथाच्या पिठल्याला लसणीची फोडणी दिली, सुकी मिरची पडली आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. खिडक्या उघडल्या, हे खुर्चीवर चढून त्या यंत्राला टॉवेलने वारा घालू लागले, नातू कानांवर हात ठेवून आनंदाने नाचला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर पिठल्याच्या वासाला इतकी तातडीची दाद आमच्या घरात आजवर कोणी दिली नव्हती.

यांची अवस्था माझ्याहून कठीण. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी वाया जाताना दिसलं की यांच्या जिवाला घोर लागतो. आणि तिथे घरापुढे, घरामागे, रस्त्याच्या कडेला, जिकडे पाहावं तिकडे गवत. त्या गवताला खत घालायचं, पहाटे कारंज्यांनी पाणी द्यायचं, वाढलं की यंत्र फिरवून कापायचं, आणि कापलेलं कागदी पोत्यांत भरून कचऱ्याला द्यायचं. एवढ्या खटाटोपाच्या शेवटी एक तरी म्हैस असेल, अशा आशेने यांनी सगळी वसाहत पालथी घातली. गुरं कुठेच नाहीत. एका पहाटे तर पाऊस पडत असताना फवारे चालू होते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तरीही मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, अशा गावातून आलेल्या माणसाने ते दृश्य कसं सोसावं? हे छत्री घेऊन बाहेर गेले आणि फवाऱ्याच्या तोंडाशी उभं राहून बराच वेळ विचार करत होते. मुलाने आतून आवाज दिला, "बाबा, ते आपोआप बंद होतं. तुम्ही बसा आत येऊन."

म्हणजे यांनाही तेच.

हे बसणं सोपं नव्हे. सोफा मऊ असतो, हातात टीव्हीचं रिमोट असतं, फळांची टोपली समोर असते. सकाळी साडेसात-आठला सगळे आपापल्या मार्गाला लागतात आणि घर इतकं शांत होतं की फ्रीज श्वास घेतल्यासारखा ऐकू येतो. रस्त्यावर माणूस नाही. भाजीवाली नाही, मासळीची हाळी नाही, शेजारीण कुंपणावरून वाटी पुढे करत नाही. रत्नागिरीला फोन करावा तर घड्याळ आडवं येतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आमची दुपार म्हणजे शेजारच्या काकूंची मध्यरात्र. तरी हे संध्याकाळी न चुकता फोन करून तिकडच्या सकाळच्या गजराचं काम करायचे. टाकी भरली का, कलमांवर वानर आले का, कुंपणाची काठी पडली होती ती बसवली का, असे प्रश्न. काकू बिचाऱ्या डोळे चोळत उत्तरं देत. यांना उत्तरं नको होती. चौकशी करण्याचं काम हवं होतं.

अशा एका रिकाम्या दुपारी मला आमच्या थिबा राजाची आठवण झाली. शाळेत शिकवत होते तेव्हा सहलीची पोरं घेऊन थिबा पॅलेसला कितीदा गेले असेन. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी गादीवरून उतरवलं आणि 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. तनखा बांधून दिला, नोकरचाकर दिले, आणि 1910 साली खाडीकडे पाहणारा तीन मजली राजवाडाही बांधून दिला. फक्त काम दिलं नाही. 1916 साली तो इथेच वारला. तीस वर्षांत "परतीचं तिकीट कधीचं?" असं त्याला कोणी विचारलं नाही. आम्हाला मात्र विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दुसरा प्रश्न तोच विचारला.

या गोष्टीचं दुसरं पान तर अधिकच गमतीचं. आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना 1908 साली शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना नेमकं थिबाच्या मंडाले शहरात नेऊन ठेवलं. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, ही अदलाबदल मी मुलांना रंगवून सांगत असे. पण तिच्यातली खरी मेख मला कळली ती न्यू जर्सीच्या सोफ्यावर. राजा नव्या राजवाड्यात राहायला गेला त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते. एकाकडे राजवाडा होता आणि काम नव्हतं. दुसऱ्याकडे कोठडी होती आणि काम होतं. विषयसुद्धा कर्मयोग! दोघांपैकी पाहुणचार कोणाचा चांगला झाला, हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही.

मी सोफ्यावरून उठले. आता या घरात काही ना काही काम मिळवायचंच, असं ठरवलं.

पहिलं काम मिळालं ते नातवाच्या शाळेच्या बसचं. शाळेचा नियम असा की लहान वर्गातल्या मुलाला उतरवून घ्यायला थांब्यावर मोठं माणूस हजर हवं. आजवर सून ऑफिसचं काम सोडून धावत यायची. ते काम आम्ही मागून घेतलं. आम्ही दोघं पाऊण तास आधी जाऊन उभे राहायचो. पिवळी बस येते, तिच्या अंगातून 'थांबा' लिहिलेली लाल पाटी हातासारखी बाहेर येते, आणि तिच्या मागच्या नि समोरून येणाऱ्या साऱ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. कोणी हॉर्न वाजवत नाही. त्या शांततेतून आमचा नातू दप्तर सांभाळत, बुटाचा बंद सुटलेला, डुलत डुलत खाली उतरतो. आयुष्यभर एसटीमागे धावलेल्या, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला हा सोहळा रोज पाहून भरून येतं. यांनी तर पहिल्या दिवशी थांबलेल्या गाड्यांना हात जोडले.

थांब्यावर आमच्यासारखीच मंडळी. गुंटूरचे एक निवृत्त मास्तर, नडियादच्या एक बेन, जालंधरचे एक सरदारजी आजोबा. भाषा कोणाची कोणाला धड येत नाही, पण तक्रारी सगळ्यांना सगळ्यांच्या समजतात. गुडघे, विम्याचा हप्ता, आणि इथे आजारी पडायचं नाही ही मुलांनी घातलेली शपथ. आलात कधी आणि परत कधी, हे ओळखीचं पहिलं वाक्य. गुंटूरच्या मास्तरांनी घरामागे अंबाडी लावली होती. बेन सोसायटीभर ढोकळा पुरवायच्या. सरदारजी शेजाऱ्यांचं कुत्रं फिरवत. प्रत्येकाने आपापलं काम शोधलं होतं, आणि ज्याला सापडलं होतं त्याचं परतीचं तिकीट नेमकं पुढे ढकललेलं होतं.

मास्तरांचं पाहून यांनीही मागच्या अंगणात वाफे केले. मेच्या मध्यापर्यंत रात्रीचं हिव पडण्याची भीती असते म्हणून तोवर रोपं घरात खिडकीशी वाढवली, मग बाहेर लावली. मिरची, वाल, भोपळा. रोपं हातभर झाली आणि एका सकाळी वाफे साफ. हरणं येऊन गेली होती! रत्नागिरीत वानरांशी हाडवैर असलेल्या यांना इतका आनंद मी क्वचित पाहिला आहे. शत्रू मिळाला होता. जाळी आली, काठ्या आल्या, डब्यांची माळ झाली. संध्याकाळी हरणं कुंपणाशी येऊन उभी राहत आणि हे मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसत. वाल अखेर कोणाच्या पोटात गेले, हा प्रश्न गौण आहे. मुलाने "बाबा, तुम्ही बसा" म्हणणं सोडून दिलं, कारण बाबा आता कामावर बसलेले असत.

माझं स्वयंपाकघर मात्र अजून बंदच होतं. ते उघडलं आंब्याने.

अमेरिकेत आपला आंबा कायद्याने विकायला परवानगी मिळाली ती 2007 साली. त्याआधी कितीतरी वर्षं फळमाशी आणि कोयीतल्या किड्याच्या धास्तीने त्याला दार बंद होतं. आताही त्याला सरळ जाता येत नाही. किरणांची प्रक्रिया करून घ्यावी लागते, आणि सुरुवातीला त्यासाठी हापूसला जावं लागे ते लासलगावला. तिथलं केंद्र मुळात कांद्यासाठी उभारलेलं. रत्नागिरीच्या राजाने कांद्याच्या गावी जाऊन अंगावर किरणं घ्यायची, तपासनिसाचा शिक्का घ्यायचा आणि मग विमानात बसायचं. आम्ही वकिलातीच्या रांगेत उभे होतो तेव्हा मला उगाच अपमान वाटला होता. हापूसची कथा ऐकल्यावर तो गेला.

तर मे महिन्यात मुलाच्या फोनवर निरोप आला की पेट्या आल्या आहेत. चाळीस-पन्नास डॉलरची पेटी आणि आत मोजून डझनभर फळ. शनिवारी एका पटांगणात गाडीच्या डिकीतून पेट्या वाटत होते, आणि मराठी, गुजराती, तेलुगू माणसं रेशनच्या शिस्तीत रांगेत उभी होती. कोणीतरी मुलाला विचारलं, "आई रत्नागिरीच्या ना? मग त्यांना बघू दे की!" आणि माझ्या हातात फळ आलं.

मी काही बागायतदार नव्हे. दारात चार-दोन कलमं असलेल्या घरात नांदले एवढंच. पण हात विसरत नाही. देठाशी नाक नेलं. खांदे देठाच्या वर आले आहेत का पाहिलं. अंगठ्याने दाबलं नाही, तळव्यावर तोललं. साल अजून घट्ट होती, रंग हिरव्याकडून पिवळ्याकडे झुकलेला, वास आत होता पण दाराशी आला नव्हता. म्हटलं, "फळ चांगलं आहे. चार दिवस अढीत घाला. आज कापलंत तर पैसे फुकट." भोवती एकदम शांतता झाली. मग एकीने विचारलं, अढी म्हणजे कशी घालायची? दुसऱ्याने विचारलं, देवगड चांगला की रत्नागिरी? हा प्रश्न रत्नागिरीच्या बाईला विचारणाऱ्याच्या धैर्याचं कौतुक करून मी सांगितलं की 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत, रायगड, ठाणे, पालघरही आहेत, तेव्हा भांडण सरकारने मिटवलं आहे. मग आवाज खाली आणून खरं उत्तरही सांगितलं.

घरी आल्यावर सूनबाईने पेटी ओट्यावर ठेवली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाली, "आई, सांगा. काय करू?"

तिच्या तोंडचं हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तू बस, मी करते" असं म्हणायची फार चांगली संधी होती. ती मी घेतली नाही. म्हटलं, "पेंढा आण." पेंढा कुठला मिळायला? वर्तमानपत्रही घरात येत नाही. मग ॲमेझॉनच्या खोक्यांतून निघालेला खाकी कागद तिने गोळा केला, चुरगळून मऊ केला, आणि आम्ही दोघींनी तळघरात खोक्यात अढी घातली. देठ खाली, फळाला फळ लागणार नाही असं. रोज रात्री कामं आटोपली की ती खाली जाऊन फळं फिरवायची आणि वर येऊन वर्दी द्यायची. तिसऱ्या रात्री जिन्यातूनच ओरडली, "आई, वास आला!" चौथ्या दिवशी घर घमघमलं. एका फळात साका निघाला, तर तिचाच चेहरा उतरला. तोवर आंबा तिचा झाला होता.

त्या आठवड्यात तिने मला पिवळ्या स्पंजाचं रहस्य समजावून सांगितलं. चहाच्या पुडीचा खण मला सोयीचा व्हावा म्हणून खाली आला. सुटीच्या दिवशी पिठलं मी करायचं आणि त्या वेळी खिडकी उघडून यंत्राखाली उभं राहायचं काम मुलाने करायचं, असं ठरून गेलं. रात्रीची भांडी तो अजूनही पुन्हा रचतो. करू दे. त्यालाही काम लागतंच.

आमच्या मुलाच्या घरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. एका रविवारी हट्टाने गेले. पाहण्यासारखं खास काही नाही, झाडं आहेत, शांत रस्ते आहेत. पण 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी समुद्रमार्गे अमेरिकेत उतरल्या आणि याच गावात कार्पेंटरबाईंच्या घरी येऊन राहिल्या. दातांच्या डॉक्टरकडे ताटकळताना मासिकात आनंदीबाईंच्या यजमानांचं, गोपाळरावांचं, एक पत्र वाचलं, एवढ्यावर त्या बाईंनी या मुलीला पत्रं लिहायला सुरुवात केली होती. नात्याची नाही, गोत्राची नाही, जेवणखाण वेगळं, धर्म वेगळा. थंडीत नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून आनंदीबाई गुजराती धाटणीची साडी नेसू लागल्या, आणि कार्पेंटरबाईंना म्हणू लागल्या मावशी. पुढे फिलाडेल्फियाला जाऊन 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. साडीवर स्वेटर, त्यावर मुलाचं जॅकेट आणि पायात नातवाने निवडलेले बूट अशा थाटात मी त्या रस्त्यावरून चालत होते आणि मनात म्हणत होते, बाई, तुम्ही अनोळखी घरात जाऊन माणूस जोडलंत. आम्हाला पोटच्या पोराच्या घरात चहाची पूड सापडायला महिना लागला.

पण याचं कारणही मला तिथेच उमगलं. परक्या घरात आपण काही मागत नाही, समोर येईल ते शिकत जातो. मुलाच्या घरात आपण हक्क घेऊन शिरतो, आणि हक्काला कोणाच्याही स्वयंपाकघरात खण मोकळा नसतो. खण मिळतो तो कामाला. मुलंही आपल्याला बसवून ठेवतात ती आदरापोटीच. आम्ही चाकरमान्यांना बसवत आलो तेही आदरापोटीच. त्या आदराने दोन्हीकडची माणसं अवघडून जातात आणि दिवस मोजू लागतात.

गणपतीच्या आधी आम्ही परतलो. गणपतीला रत्नागिरीकर जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी घरी असतो, त्याला विमान कंपनीचाही इलाज नाही. मुंबईहून कोकण रेल्वेने आलो, तर डबा चाकरमान्यांनी फुललेला. शेजारच्या बाकावरची बाई नवऱ्याला सांगत होती, गेल्यावर वहिनी काही करूच देत नाही हो, नुसतं बस म्हणते, जीव विटतो. मी कान टवकारून ऐकलं. त्या वर्षी माझ्या मुंबईच्या जावेला मी आल्या आल्या मोदकाची उकड काढायला बसवली. ती आधी दचकली, मग खुलली. तांदूळसुद्धा तिनेच निवडले आणि मी रात्री उठले नाही.

डिसेंबरात नाताळच्या सुटीला मुलगा, सून आणि नातू रत्नागिरीला आले. पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला पहारीवर नारळ सोलायला लावलं, नातवाला पोफळीखालच्या पडलेल्या सुपाऱ्या वेचायला टोपली दिली आणि सुनेच्या हाती विळी-खवणी दिली. खोवताना तिने विचारलं, "आई, ओट्याचं फडकं कोणतं?" आमच्याकडे सगळ्याला एकच फडकं. तिने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, मग पदर खोचला आणि कामाला लागली. मुलाने पहिल्या नारळाची पार दैना केली, दुसरा बरा सोलला.

शेजारच्या काकू गडग्यावरून हे सगळं बघत होत्या. त्यांना काही राहवेना. म्हणाल्या, "अगं, सातासमुद्रापलीकडून आली आहेत पोरं. सूनबाईला विळीवर, पोराला पहारीवर, काय चालवलं आहेस हे? दोन दिवस बसू तरी दे त्यांना!"

मी म्हटलं, "काकू, बसवून ठेवायला ते काय थिबा राजे आहेत?"